पळस्प्याचा थांबा

आमच्या मुकादमांनी स्वतःच्या मुलीची वरात पळस्पे फाट्यावर थांबवली होती. हे सांगितलं की लोक हसतात आणि मी काहीतरी रचून सांगतोय असं समजतात. पण पुढच्या ट्रकच्या स्टिअरिंगवर मी स्वतः बसलेलो होतो. माझ्या ट्रकमध्ये आंदणाचं कपाट, पलंग आणि तांब्यापितळेची भांडी, मागच्या दोन टॅक्सींत नवरा-नवरी आणि पेणची पाहुणेमंडळी. फाट्यावरच्या वडाखाली मुकादमांनी टपावरून थाप मारली, मी गाडी उभी केली, आणि नवरीचा बाप जरीची पगडी सांभाळत कपाटाचा दोर ओढायला लागला. नवरी रडून रडून थकली होती, ती आता रडायचं सोडून बघायलाच लागली.

नवऱ्याचा मामा टॅक्सीतून उतरून आला. म्हणाला, "अहो मुकादम, मुहूर्त आहे गृहप्रवेशाचा! कपाट काय पळून चाललंय का?"

वरून उत्तर आलं, "पलत नाय पाव्हनं, बसतंय. माल बसला का दोर सैल व्हतो. तुमी जरा सावलीला बसा."

शेवटी सगळं वऱ्हाड वडाखाली बसलं. मुकादमांनी एकेक दोर तळव्यानं थोपटला, कान लावून ऐकला, दोन गाठी सोडून पुन्हा आवळल्या, मग खाली उतरले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिथूनच पनवेलला चालत परत गेले. बापानं मुलीला निरोप वेशीवर द्यायचा की दारात, याची शास्त्रं मला माहीत नाहीत. आमच्या मुकादमांनी तो पळस्पे फाट्यावर दिला.

हे पन्नास सालानंतरच्या दिवसांतलं. मी तेव्हा पनवेलला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका माल वाहतुकीच्या पेढीत ड्रायव्हर होतो. शेठ गावचेच, गाड्या लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेल्या, आणि माल म्हणाल तर सगळा. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, बैलगाडीची चाकं, कौलं, बांबू, कोळसा. हा माल चढवणाऱ्या हमालांचे हे मुकादम. मूळचे खाडीकाठच्या गावचे, मिठागरावरून मिठाच्या गाड्या हाकत पनवेलला येणारे गाडीवान. ट्रक आले, गाड्या मागे पडल्या, तसे ते बैल सोडून ट्रकला लागले. पण बैल काही त्यांच्या डोक्यातून सुटले नाहीत.

ट्रकला ते कधीही 'गाडी' म्हणत नसत, 'हा' म्हणत. सकाळी मी ट्रक गोदामाला लावला की भोवती एक फेरी मारत, टायरवर हात फिरवत, बंपर दाबून बघत आणि मला विचारत, "डायवर, हा आज डावा खांदा पाडून कशाला उबा हाय?" मी म्हणायचो, डाव्या अंगाची स्प्रिंग बसलीय, सांगितलंय मिस्त्रीला. ते म्हणत, "तवर उजव्या अंगाला जड भरतो. त्याला त्रास नाय झाला पायजे." मी तरुण होतो, डोकं गरम होतं, मला हे चाळे वाटायचे. लोखंडाला कसला आलाय त्रास? पण त्यांनी भरलेला ट्रक चालवायला घेतला की स्टिअरिंग हलकं लागायचं आणि वळणावर गाडी अंगावर येत नसे, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी ते त्यांना मुळीच सांगितलं नाही. डोक्यावर बसले असते.

दोर त्यांच्या कमरेलाच असे. धोतरावर करगोटा बांधावा तसा चार हात दोर गुंडाळलेला. कुठंही काही सुटं दिसलं की त्यांचा हात तिकडे जाई. बाजारात एखाद्या हातगाडीवर पेंढ्याची रास डुगडुगताना दिसली की हे त्या परक्या माणसाची गाडी थांबवून बांधून देत, वर त्यालाच ओरडत. एकदा देवळात पालखी निघताना त्यांनी दांड्याच्या गाठी तपासल्या. पुजारी संतापले. त्यांना मुकादमांनी शांतपणे सांगितलं, "देव पडाचा नाय, पन कलस पडंल." घरी तर विचारूच नका. मी एकदा जेवायला गेलो होतो. पाण्याचा माठ खांबाला बांधलेला, कंदील दोन ठिकाणी बांधलेला, लोणच्याच्या बरणीला चारी बाजूंनी सुतळी. मी बघतोय हे बघून मुकादमीण म्हणाली, "बगतस काय? या घरान मीच तेवडी सुटी हाय." मुकादम मान खाली घालून भात कालवत राहिले.

पण खरी त्यांची ओळख म्हणजे त्यांचा कायदा. तो दोनच शब्दांचा होता. बांधणारा वर. ज्यानं माल बांधला त्यानं त्या मालावर बसून पळस्प्यापर्यंत जायचं. दुसऱ्या कुणालाही वर बसायची परवानगी नाही, खुद्द शेठच्या भाच्याला त्यांनी एकदा टोपीसकट खाली उतरवलं होतं. पळस्पे गाठलं की ट्रक वडाखाली थांबवायचा, दोर पुन्हा आवळायचे, मग बांधणाऱ्यानं उतरून चालत किंवा मिळेल त्या गाडीनं परत यायचं. पनवेलहून माल निघाला की पळस्प्याहून एक तर खोपोली आणि बोरघाट, नाही तर कर्नाळ्याची खिंड आणि कोकण. म्हणजे आमच्या ट्रकला पळस्पे चुकत नव्हतं आणि मुकादमांचा थांबाही चुकत नव्हता.

"घराशी बांदला तो दोर नुसता नावाला," ते म्हणत. "मालाला धक्कं बसलं, तो आपापल्या जागेवर बसला, मंग जो बांदला तो दोर खरा."

नव्या हमालानं ढिली गाठ मारली तर ते शिव्या देत नसत. एवढंच म्हणत, "झाला? बस वर." तो चढायचा, वरून खाली बघायचा, आणि निमूटपणे उतरून सगळं सोडून नव्यानं बांधायचा. मी पुढे बऱ्याच पेढ्यांत काम केलं. हमालाला इतक्या कमी शब्दांत कामाला लावणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

आम्हा ड्रायव्हरांना मात्र हा थांबा म्हणजे डोकेदुखी. दुसऱ्या पेढ्यांचे ट्रक भोंगे वाजवत पुढे जायचे, त्यांचे ड्रायव्हर खोपोलीच्या हॉटेलात आम्हाला विचारायचे, "काय, नैवेद्य दाखवून आलात का वडाला?" शेठच्याही कानावर हे जायला लागलं. माल उशिरा पोचतो अशी एक-दोघांनी कुरकुर केली. शेठ मुकादमांना मानायचे, पण धंदा तो धंदा. ठिणगी पडायला निमित्त हवं होतं, ते होडीचं झालं.

घाटावर एका गावाची वाट धरणाच्या पाण्यानं अडवली होती. पलीकडच्या काठाला जायचं तर डोंगराला वळसा, अख्खा दिवस मोडायचा. गावानं मिळून पनवेलच्या कोळीवाड्यातल्या एका नाखव्याकडून होडी करून घेतली. या नाखव्याच्या हातची होडी म्हणजे खाडीत नाव होतं. दिवाळीच्या आधी होडी पाण्यात पाहिजे, भाऊबीजेला पलीकडच्या लेकी माहेरी याव्यात, असं गावकऱ्यांचं म्हणणं, आणि शेठनं त्यांना तसा शब्द दिला होता. काठावर उतरवून घ्यायला गावची माणसं अमुक दिवशी जमणार, अंधार पडला तर ती अवजड होडी उतरवणं अशक्य. म्हणजे दिवस मावळायच्या आत पोचलंच पाहिजे.

होडी भरतीच्या पाण्यावरच बंदरात, माझ्या ट्रकमागे जोडलेल्या ट्रेलरपाशी आणता येत होती, तिथंच उशीर झाला. त्यात वाद. नाखवा म्हणाला, माझी होडी मीच बांधणार, माझ्याच दोरानं. मुकादमांनी कोरडे दोर आणून ठेवले होते, ते त्यानं बाजूला सारले आणि खाडीतून आपले ओले दोर ओढून काढले.

"दर्यान जलम गेला माजा," तो म्हणाला. "वादलान सुटला नाय तो दोर तुज्या रस्त्यान सुटंल काय?"

मुकादम म्हणाले, "मंग कायदा म्हाईत हाय ना? बांदनारा वर."

"बसतो की! होडीन बसाया मी भितो काय?"

नाखव्यानं बांधलं मात्र असं, की बघत राहावं. होडीचं पुढचं टोक माझ्या टपाजवळ आलेलं, दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे, फटींत पेंढ्याची पोती, आणि दोर असे ताणलेले की थोपटल्यावर वाजत होते. मुकादमांनाही नाव ठेवायला जागा नव्हती. ते फक्त ओल्या दोराला हात लावून उभे राहिले. मग ट्रेलरचं एक चाक बसलेलं निघालं, ते बदलण्यात तास गेला, आणि आश्विनातलं ऊन माथ्यावर आलं.

तेवढ्यात शेठ आले. घड्याळ बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मुकादम, आज पळस्प्याला थांबायचं नाही. सरळ घाट गाठायचा."

"शेठ, थांबावा लागंल."

"नाही म्हटलं ना! मी शब्द दिलाय. आज त्या वडाच्या पायी माझा शब्द गेला तर उद्यापासून तुम्ही यायची गरज नाही."

मुकादमांनी कमरेचा दोर सोडला, पुन्हा गुंडाळला. "बरा," एवढंच म्हणाले आणि चालायला लागले. कुणी अडवलं नाही. मला वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला. इतकं हटून बसायचं काय कारण? एक दिवस नाही थांबलं तर आभाळ कोसळणार होतं का?

मी तेल भरून, कागद घेऊन निघालो. नाखवा होडीत राजासारखा बसलेला. टपाल नाका मागे पडला, कोन गावाकडचा रस्ता डोळ्यांसमोर आला, आणि पळस्प्याच्या वडाखाली मला मुकादम दिसले. कोकणात जाणाऱ्या कुठल्याशा ट्रकनं पुढे येऊन उभे होते. खांद्यावर कोरड्या दोरांची वेटोळी. हात वगैरे केला नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून माझ्याकडे बघत होते, बस.

आता प्रश्न माझ्यावर आला. थांबलो तर शेठचा हुकूम मोडला आणि मुकादमांची नोकरी कायमची गेली, माझीही कदाचित. नाही थांबलो तर या माणसाच्या डोळ्यांदेखत पुढे निघून जायचं. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. पाय आपोआप ब्रेकवर गेला. इतकी वर्षं त्या वडाखाली माझा पाय ब्रेकवर जायची सवय झाली होती, आणि मला आजही त्या पायाचा अभिमान वाटतो.

नाखवा वरून ओरडला, "कशाला थांबवलास?"

मुकादम ट्रेलरपाशी आले. त्यांनी पहिला दोर थोपटला. बंदरावर वाजणारा तो दोर आता मुकाट हलला. दुसरा थोपटला, त्याच्याखालून त्यांनी सबंध मूठ घातली आणि काढली.

नाखव्याचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "गाठ जागची हालली नाय माजी!"

"गाठ बरोबर हाय तुजी. दोर ओला व्हता. ओला दोर आखडतो, सुकला का लांब व्हतो. दर्यान तो सुकतो कदी? इथं ऊन हाय. घाटापतुर आनखी सुकंल."

नाखवा काहीतरी बोलणार होता. मुकादम खाली बघून म्हणाले, "मना कसा म्हाईत, इचार. मिठाची गाडी व्हती माजी. दोर खाऱ्या पान्यान भिजलेला, कसून बांदला. उन्हान सुकला. कर्नाल्याच्या खिंडीन चढावर गोनी मागं सरल्या, गाडी उलाल झाली, मागं कलली, जू वर गेला. बैलाच्या गल्यान पट्टा आवललेला. वरडला पन नाय तो, वरडाया गला मोकला कुटं व्हता? मी बाजूनं चालत व्हतो, बिडी वढत. वर बसलो असतो तर गोनी सरताना पयला मना कललं असतं."

बांधणारा वर का, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं ती शिक्षा आहे. ती शिक्षा नव्हती. सरकणारा माल पहिल्यांदा वर बसलेल्याला कळतो, आणि ज्यानं बांधलाय त्यालाच त्याचा अर्थ लागतो. बैलाला सांगता आलं नाही, ट्रकलाही सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं सांगणारा कुणीतरी वर पाहिजे.

नाखव्यानं सैल दोरावरून हात फिरवला. त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची पहिली गाठ सोडली. दोघांनी मिळून कोरडे दोर लावले, एक ह्या अंगानं ओढतोय, दुसरा त्या अंगानं. झाल्यावर मुकादम चाक धरून वर चढले.

मी म्हटलं, "तुम्ही कुठे? शेठनं तुम्हाला—"

"मी पन बांदलाय ना?" ते म्हणाले. "चल, हाक."

खोपोली सोडून घाटाला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. लष्करी इंजिन तापून कण्हत होतं. अर्ध्या चढावर, वळणाच्या तोंडाशीच, पुढचा एक ट्रक ॲक्सल तुटून आडवा झाला होता. मला भर चढावर थांबावं लागलं. क्लीनरनं उडी मारून मागच्या चाकाला लाकडी उटी लावली. वाट मोकळी व्हायला बराच वेळ गेला. मग निघायची वेळ आली. भरल्या ट्रेलरसकट चढावर गाडी उचलायची म्हणजे क्लच सोडताना धक्का बसतोच, आणि माल मागे जायला बघतोच. मागे दरी. होडीत दोन म्हातारे. मी क्लच सोडला, गाडी वीतभर मागे घसरली, उटी करकरली, मग हिसका बसला. असा की माझे दात एकमेकांवर आपटले. मी आरशात बघितलं नाही, बघायची हिंमतच नव्हती. मी कान मागे लावून बसलो. सैल दोराचा फटका ऐकू येतो, लाकूड सरकल्याची घसट ऐकू येते. काहीच ऐकू आलं नाही.

मग टपावर थाप पडली. ती नेहमीची मुकादमांची थाप नव्हती, हात वेगळा होता. नाखव्याचा आवाज आला, "हाल्ली नाय! डायवर, हाक, हाल्ली नाय!"

ओले दोर असते तर त्या हिसक्यात होडी आणि नाखवा दोन्ही दरीत गेले असते, हे नाखव्यानं नंतर कोळीवाड्यात स्वतःच्याच तोंडानं सगळ्यांना सांगितलं. आपल्या चुकीची गोष्ट इतक्या ऐटीत सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

धरणाच्या काठाला आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. गाव जमलेलं होतं. बायकांनी होडीला हळदकुंकू लावलं, माणसांनी खांदे दिले, आणि होडी त्या गोड्या पाण्यात उतरली. मुकादम काठावर उभे राहून सुटलेले दोर गुंडाळत होते. सगळं गाव होडीकडे बघत होतं, नाखवा मात्र मुकादमांकडे बघत होता.

परत आल्यावर मी सरळ शेठकडे गेलो. म्हटलं, "शेठ, मी पळस्प्याला थांबलो होतो. होडी दिवस असताना पोचली. काय करायचं ते करा." आणि मग दोरांचं आणि घाटाचं सगळं सांगितलं. शेठनं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी मुकादम नेहमीच्या वेळी आले, ट्रकभोवती फेरी मारायला लागले, आणि कुणी त्यांना काही विचारलं नाही. आठवड्याभरानं मी शेठना कुंभाराला सांगताना ऐकलं, "एक मोठा रांजण दे. पळस्प्याला वडाखाली ठेवायचाय. आपल्या गाड्या थांबतात तिथे." यापेक्षा जास्त माफी शेठलोकांना मागता येत नसावी. आम्हाला ती पुरली. त्यानंतर खोपोलीच्या हॉटेलात कुणी वडाच्या नैवेद्याबद्दल विचारलं की आम्ही छाती काढून हो म्हणायचो.

मुकादम गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, झोपेतच. सकाळी अंगणात पेढीचे सगळे हमाल, ड्रायव्हर आणि अर्धा कोळीवाडा जमला. शेठही आले होते. तिरडी कुणी बांधायची हा प्रश्न पडलाच नाही. नाखवा सुंभाची वेटोळी घेऊन पुढे झाला आणि कुणी विचारायच्या आत म्हणाला, "कोरडाच आनलाय." बायका रडत होत्या, त्याही क्षणभर थांबल्या.

खांदा द्यायला मी पुढच्या बाजूला होतो. स्मशानाच्या वाटेवर विसाव्याची जागा येते, तिथं तिरडी खाली ठेवतात, पुढचे मागे आणि मागचे पुढे होतात. आम्ही तिरडी टेकवली. मी मागे जायला वळलो तर कुणी हलेना. सगळे हमाल तिरडीभोवती उभे होते आणि एकमेकांकडे बघत होते. मग त्यांच्यातला सगळ्यांत जुना खाली वाकला. त्यानं सुंभाचा एक वेढा तळव्यानं थोपटला, कान लावला.

"बसलाय," तो म्हणाला. "सोड गाठ."

भटजी काही बोलायला गेले, शेठनं त्यांच्या दंडाला हात लावून गप्प केलं. नाखवा त्या अंगाला बसला, मी ह्या अंगाला. आम्ही गाठ सोडली, ओढली, पुन्हा मारली.

सुंभ खरंच सैल पडला होता.